कडी काढल्यावर पट्ट्याचा तोच स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतोय?

शर्टाची बाही खाली ओढताना कफ मनगटापाशी अडकला. बघितलं तर घड्याळाच्या पट्ट्यातला एक स्क्रू अर्धा मिलिमीटर बाहेर आलेला, आणि त्याच्या डोक्याखाली कापडाचा एक धागा अडकलेला. तीन आठवड्यांपूर्वी दोन कड्या काढून मीच तो स्क्रू परत बसवला होता आणि चांगला आवळूनही घेतला होता. पुन्हा आवळला. दीड महिन्यानं तोच स्क्रू, तीच जागा. तिसऱ्या वेळेला धागा वगैरे काही अडकला नाही. जिना उतरताना कडी सुटली आणि घड्याळ थेट तळहातात आलं. मूठ अर्धवट मिटलेली होती म्हणून वाचलं.

महागड्या घड्याळाचा धातूचा पट्टा ज्यांनी घरी लहान करून पाहिलाय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते: माप बरोबर बसलं, दोनचार आठवडे छान गेले, आणि मग स्क्रू बाहेर डोकावू लागला. यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे 'अजून जोरात आवळा'. मीही तेच दोनदा केलं. माझी चूक मात्र आवळण्यात नव्हतीच. आटे साफ न करता कोरडाच स्क्रू परत बसवला, ही चूक होती.

हे का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. दाराला बिजागरी बसवताना स्क्रू बिजागरीला चौकटीत धरून ठेवतो, पण दार फिरतं ते बिजागरीतल्या खिळ्यावर. पट्ट्यात ही दोन्ही कामं एकाच स्क्रूला करावी लागतात. कड्यांना तोच एकत्र धरतो आणि कड्या फिरतातही त्याच्याच दांड्यावर. मनगट वळवलं, मूठ मिटली, टेबलावर हात टेकवला की मधली कडी त्या दांड्याला केसभर का होईना, घासून ओढते. दिवसभरात असं शेकडो वेळा होतं. आणि स्क्रू फार आवळून कडेच्या भिंती जवळ आणल्या तर मधली कडी फिरायचीच थांबेल, म्हणून त्याची रचनाच अशी असते की एका मर्यादेनंतर तो टेकतो आणि पुढे जात नाही. त्यापुढे जोर लावलात तर पकड वाढत नाही, डोक्यावरची खाच तेवढी फाटते. म्हणूनच अनेक कंपन्या कारखान्यातच आट्यांवर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावतात. आपण स्क्रू काढतो तेव्हा ते वाळलेलं थ्रेडलॉकर तुटून त्याचा भुगा होतो. तोच भुगा, थोडा घाम आणि त्वचेचा तेलकटपणा आट्यांत तसाच ठेवून आपण स्क्रू परत फिरवतो. हाताला तो घट्ट लागतो, कारण भुगा दाटून बसलेला असतो. काही आठवड्यांत भुगा झिजतो आणि स्क्रू मोकळा होतो.

दुरुस्तीकडे वळण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: कडी काढायची गरज होती का? पट्टा सकाळी हलतो आणि संध्याकाळी काचतो, एवढीच अडचण असेल तर ती कडीनं सुटणारी नाही. उन्हात, व्यायामानंतर, खारट खाल्ल्यावर मनगट फुगतं. थंडीत तेच मनगट बारीक होतं. हा फरक काही मिलिमीटरांचा असतो आणि एक आख्खी कडी त्याहून मोठी असते. त्यासाठीच क्लास्पमध्ये, म्हणजे पट्टा उघडायच्या-मिटायच्या पकडीत, सोय दिलेली असते. जुन्या पद्धतीच्या क्लास्पच्या कडेला बारीक छिद्रांची रांग असते. त्यातला स्प्रिंग बार (दोन्ही टोकं आत दबणारी बारीक दांडी) दाबून पुढच्या छिद्रात नेला की काम होतं. रोलेक्सच्या ग्लाइडलॉकमध्ये २ मिलिमीटरच्या टप्प्यांनी साधारण २० मिलिमीटरपर्यंत फरक करता येतो, इझीलिंकमध्ये ५ मिलिमीटरचा एकच टप्पा आहे, ट्यूडरच्या टी-फिटमध्ये पाच जागा मिळून ८ मिलिमीटर. कार्टिएच्या सांतोसला २०१८ पासून कड्याच अशा दिल्यात की बटण दाबून हत्याराशिवाय काढता-घालता येतात. मी माझ्या घड्याळाची कडी काढली तेव्हा क्लास्पची तीन छिद्रं रिकामीच होती. तिकडे बघितलंही नव्हतं.

माप घ्यायचं ते दुपारनंतर, मनगट नेहमीच्या आकारावर आलेलं असताना. सकाळी उठल्या उठल्या घेतलेलं माप हमखास फसतं. पट्टा लावल्यावर क्लास्पखाली करंगळीचं टोक सहज जावं, पण हात खाली सोडला तर घड्याळ मनगटाच्या हाडावरून पुढे सरकू नये. कड्या दोन्ही बाजूंनी काढायच्या. एकाच बाजूच्या काढल्या की क्लास्प मनगटाच्या मधोमध न राहता कडेला जातो, आणि टेबलावर हात टेकवताना त्याचीच धार बोचत राहते. कड्यांची संख्या विषम असेल तर मी तबकडीवरच्या सहाच्या आकड्याकडच्या बाजूची एक जास्त काढतो. माझ्या मनगटावर क्लास्प तसाच मध्यावर येतो.

आता मूळ दुखणं.

आधी पट्टा घड्याळापासून सोडवा. हा टप्पा लोक टाळतात, कारण लग्सच्या, म्हणजे पट्टा जिथं जोडतात त्या घड्याळाच्या शिंगांच्या, आतल्या बाजूला ओरखडा पडायची भीती वाटते. ती भीती योग्यच आहे, म्हणून लग्सना आतून-बाहेरून चिकटपट्टी लावा आणि मगच स्प्रिंग बारचं हत्यार आत घाला. बर्जनचं ६७६७ हे हत्यार यासाठी घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर हमखास दिसतं. पट्टा सुटा केल्याचे फायदे दोन. एक, घड्याळ पडायची भीती राहत नाही. दुसरा मोठा: पट्ट्याला उष्णता देता येते. घड्याळाच्या केसला, म्हणजे यंत्र असलेल्या धातूच्या डबीला, उष्णता कधीही द्यायची नाही. आतलं तेल आणि पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा दोन्ही खराब होतात. पट्टा उकळत्या पाण्यात बुडवा असं कुणी सांगितलं आणि घड्याळ पट्ट्यालाच लावलेलं असेल, तर ते ऐकू नका. (कडी काढल्यानं घड्याळ पाण्यात चालायचं बंद होईल का, असंही विचारलं जातं. नाही. केस उघडलेलीच नसते.)

कारखान्यातून आलेला स्क्रू पहिल्यांदा काढताना हलत नसेल, तर हेअर ड्रायर त्या एका कडीवर दोनतीन मिनिटं धरा. कडी बोटांनी धरवेनाशी झाली की थ्रेडलॉकर मऊ पडायला लागलेलं असतं. लगेच कापडात धरून प्रयत्न करा. नाही हललं तर पुन्हा तापवा. तिसऱ्यांदाही नाही हललं तर थांबा, ते काम घड्याळजीचं आहे.

स्क्रूड्रायव्हरबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच. पट्ट्यांचं सगळ्यात जास्त नुकसान मी चुकीच्या पात्यानं झालेलं पाहिलंय. पातं खाचेच्या पूर्ण लांबीत बसायला हवं आणि जाडीनंही खाच भरायला हवी. पातं खाचेत उभं ठेवून स्क्रूड्रायव्हर डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. डुगडुगलं तर ते पातं त्या स्क्रूचं नाही. रोलेक्सच्या ऑयस्टर पट्ट्यांना साधारण १.६ मिलिमीटरचं पातं चालतं, पण हा आकडा पाठ करून भागत नाही, प्रत्येक वेळी बसवून बघावं लागतं. पाचरीसारखं निमुळतं पातं खाचेच्या वरच्या कडांवरच टेकतं आणि जोर लावला की वर उडी मारतं. तेव्हा खाचही जाते आणि शेजारच्या कडीवर चकचकीत रेघ उमटते. दोन्ही बाजू समांतर घासलेलं पातं घ्या. फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त जोर ठेवा आणि हात सरळ उभा ठेवा. शेजारच्या कड्यांवर चिकटपट्टी लावा. काही पट्ट्यांच्या दोन्ही कडांना खाचा दिसतात. तिथं दोन्हीकडून दोन स्क्रूड्रायव्हर लागतात: एक धरून ठेवायला, दुसरा फिरवायला. एकानंच फिरवलं तर दोन्ही टोकं मिळून जागच्या जागी फिरत राहतात आणि आटे सुटतच नाहीत.

काढलेले स्क्रू क्रमानं कागदावर ठेवा आणि प्रत्येकासमोर जागा लिहा. एकाच पट्ट्यात क्लास्पजवळचा आणि मधला स्क्रू वेगळ्या लांबीचा असू शकतो. अदलाबदल झाली तर आखूड स्क्रूचे दोनतीनच आटे पकडतात आणि तो सैल होणारच.

पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे, आणि तक्रार सुटते ती इथंच. स्क्रू भिंगाखाली धरला तेव्हा मला दिसलं की आट्यांच्या खोलीत पांढुरका, भुरभुरीत थर आहे आणि टोकाशी काळपट चिकटा. मऊ टूथब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून स्क्रू घासला, तरी पहिल्या फेरीत थर हललाच नाही. मग लाकडी टूथपिकचं टोक आट्यांच्या वळणावरून फिरवलं, तेव्हा तो पापुद्र्यासारखा सुटला. चार फेऱ्यांनंतर आटे चमकायला लागले. कडीच्या आतल्या आट्यांतही तोच भुगा असतो आणि तो दिसत नाही, म्हणून तोच राहून जातो. त्यासाठी टूथपिक अल्कोहोलमध्ये भिजवून छिद्रात घालून फिरवायची, बाहेर काढून पुसायची, पुन्हा घालायची. टूथपिक स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग सगळं पूर्ण वाळू द्यायचं.

खरी परीक्षा यानंतर. स्वच्छ स्क्रू थ्रेडलॉकर न लावता बोटानं फिरवून बघा. शेवटापर्यंत अलगद गेला पाहिजे. मध्येच अडला तर आटे वाकडे लागलेत. गेला, पण शेवटी टेकल्यासारखं न वाटता फिरतच राहिला, तर आटे गेलेत. मग कुठलंही रसायन त्याला धरणार नाही. स्क्रूचे आटे गेले असतील तर त्याच मॉडेलचा नवा स्क्रू मिळवा. कडीचे गेले असतील तर कडी बदलावी लागते.

थ्रेडलॉकर निवडताना रंग बघा. लॉकटाइटचं २२२ जांभळं असतं आणि बारीक स्क्रूंसाठी कमी ताकदीचं असतं. पट्ट्याला हेच. २४३ निळं, मध्यम ताकदीचं. मोठ्या स्क्रूला चालतं, पण पुढच्या वेळी काढताना उष्णता द्यावी लागेल हे गृहीत धरा. लाल, कायमच्या पकडीचं थ्रेडलॉकर घड्याळाच्या जवळही आणू नका. हे द्रव हवेनं वाळत नाही. उलट हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तेव्हाच ते घट्ट होतं. बाटली अर्धवटच भरलेली येते ती याच कारणानं, आत हवा राहावी म्हणून. स्टेनलेस स्टील, टायटॅनियम, सोनं हे धातू या क्रियेला फारशी मदत करत नाहीत, म्हणून घट्ट व्हायला साध्या पोलादापेक्षा जास्त वेळ लागतो. दहा मिनिटांत स्क्रू पकडल्यासारखा वाटला तरी चोवीस तास पट्टा हलवू नका. मी दोन रात्री ठेवतो.

लावायचं किती? सुईचं टोक बुडवून जेवढा थेंब त्यावर राहील तेवढंच, आणि तेही फक्त आट्यांवर, टोकाकडच्या तीनचार वळणांवर. मधल्या गुळगुळीत दांड्यावर अजिबात नको, कारण कडी त्याच्यावरच फिरते. माझ्याकडून एकदा थोडं जास्त लागलं आणि दुसऱ्या दिवशी ती एक कडी ताठ झाली. पट्टा तेवढ्याच जागी कोनात मोडल्यासारखा दिसायचा. तुमचंही असं झालं आणि लगेच लक्षात आलं, तर स्क्रू काढून सगळं अल्कोहोलनं धुवा. घट्ट झाल्यावर लक्षात आलं, तर कडी तापवून हळूहळू पुढेमागे हलवत मोकळी करा. जोरात हिसका देऊ नका.

स्क्रूऐवजी पिन असलेल्या पट्ट्यांची तक्रार वेगळी असते. कड्यांच्या आतल्या बाजूला बाण दिसतो. पिन बाणाच्या दिशेनं ठोकून काढायची आणि परत घालताना बाणाच्या विरुद्ध दिशेनं घालायची. टोकाला चीर असलेली पिन असेल तर चिरेचं टोक शेवटी आत जातं. उलटी घातली तर सुरुवातीला बसते, नंतर सरकते. अशी पिन दोनतीनदा काढून झाली की तिची उसळी जाते. चीर पात्यानं फाकवून वापरणारे आहेत, पण माझ्या मते तो दोन दिवसांचा उपाय आहे. नवी पिन टाका.

सेइकोच्या अनेक घड्याळांत आणखी एक पद्धत आहे: साध्या पिनभोवती एक छोटीशी नळी. पिनला पकड देते ती नळीच. ती मोहरीएवढी असते, पिन बाहेर आल्याबरोबर घरंगळते आणि आपल्याला कळतही नाही. नंतर पिन विनासायास आत गेली, अगदी बोटानं, तर समजा की नळी पडलीय. ती पिन आठवड्याभरात बाहेर येणार. म्हणून पिन ठोकण्याआधी खाली पांढरा, मऊ, काठ असलेला ट्रे ठेवा आणि नळी कडीच्या कोणत्या भागात होती ते लक्षात ठेवा. काही पट्ट्यांत ती मधल्या भागात असते, काहींत कडेला.

घरी काम केल्यावर घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं, अशीही तक्रार येते. दोष बहुधा पट्ट्याचा नसून हत्याराचा असतो. बारीक स्क्रू चिकटून राहावेत म्हणून चुंबकीय केलेलं स्क्रूड्रायव्हर किंवा चिमटा केसजवळ बराच वेळ वावरला, तर आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकीय होऊ शकते. आयएसओ ७६४ या मानकानुसार चुंबकरोधी म्हणवणाऱ्या घड्याळानं ४८०० अँपिअर प्रति मीटर इतकं क्षेत्र सोसायला हवं, पण चुंबक अगदी खेटून आलं तर एवढी मर्यादाही सहज ओलांडली जाते. होकायंत्राजवळ घड्याळ नेऊन सुई हलते का बघा. हलली तर घड्याळजी डीमॅग्नेटायझरनं काही सेकंदांत ते घालवतो.

काही पट्टे मी घरी उघडणारच नाही. सोनं मऊ असतं, एका चुकीच्या दाबानं खाचेच्या कडा पसरतात. सिरॅमिकची कडी पिन ठोकताना तडकू शकते आणि ती जोडता येत नाही. टायटॅनियमचे आटे एकमेकांत रुततात. तिथं 'अजून थोडं फिरवून बघू' म्हटलं की स्क्रू आतच तुटतो. केसमध्येच मिसळून गेलेले पट्टे, म्हणजे ओडेमार पिगेचं १९७२ चं रॉयल ओक किंवा पटेक फिलिपचं १९७६ चं नॉटिलस यांच्या घराण्यातले, त्यांच्या प्रत्येक कडीच्या कडा वेगळ्या घासलेल्या आणि वेगळ्या चकाकवलेल्या असतात. त्यावर पडलेला ओरखडा बुजवायचा तर सगळी कडी पुन्हा घासावी लागते. नवं घड्याळ घेतलं असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर अधिकृत ठिकाणीच माप करून घ्या. घेतानाच करून मागितलंत तर उत्तम.

व्यावसायिकाकडे दिलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही मी मानत नाही. याच घड्याळाचा पट्टा मी त्याआधी एका दुकानात लहान करून घेतला होता. पाच मिनिटांत झालं, मी खूष. घरी उजेडात पाहिलं तर दोन स्क्रूंच्या खाचा ओठ फुटल्यासारख्या झाल्या होत्या, काढलेल्या कड्यांपैकी एकीचा स्क्रूच परत दिला नव्हता, आणि आट्यांवर काहीच लावलेलं नव्हतं. त्यामुळे आता कुठंही देताना समोर उभं राहून तीन गोष्टी विचारतो: पट्टा घड्याळापासून काढून काम करणार का, थ्रेडलॉकर लावणार का आणि कोणतं, आणि काढलेल्या सगळ्या कड्या स्क्रूसकट परत देणार का. चांगला कारागीर या प्रश्नांवर वैतागत नाही. उलट स्वतःहून पातं दाखवतो. नेण्याआधी दोन्ही कडांचे जवळून फोटो काढून ठेवा. परत घेताना तिथंच भिंगानं पाहा. काढलेल्या कड्या छोट्या पिशवीत, घड्याळाच्या कागदांसोबत ठेवा. मनगट पुढे बदललं किंवा घड्याळ विकायचं झालं की याच कड्या लागतात.

राहता राहिलं दुरुस्ती टिकली का ते बघणं. यंत्रं बसवणारे बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवतात. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. तेच मी इथं करतो. अगदी बारीक टोकाच्या परमनंट मार्करनं स्क्रूच्या डोक्यावरून कडीपर्यंत एक रेघ ओढायची. पट्ट्याच्या कडेला असल्यानं ती सहसा कुणाच्या नजरेत येत नाही, आणि नंतर अल्कोहोलनं पुसता येते. पहिले दोन आठवडे रोज रात्री घड्याळ काढताना रेघ पाहायची आणि कडेवरून नख फिरवायचं. रेघ फिकट झाली तर पुन्हा ओढायची. ती सरळ असेल तर काही करू नका. तुटलेली दिसली तर तिथल्या तिथं आवळू नका. स्क्रू पूर्ण बाहेर काढा, साफ करा आणि आटे भिंगाखाली धरा.